लहान होडीवरील डॉपलर रडार : टक्कर टाळण्यासाठी पडदा कसा वाचावा

कोल्हापुरातून आंबा, करूळ किंवा फोंडा घाट उतरून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड किंवा मालवणला स्वतःच्या अथवा भागीदारीतल्या यांत्रिक होडीवर जाणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यापैकी पहिल्यांदाच रडार बसवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. समुद्राशी रोजचा संबंध असलेल्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, कोणत्या भागात जाळी पसरलेली असतील, कोणत्या वेळी ट्रॉलर बंदराकडे परततात, हे सवयीने ठाऊक असते. पंधरवड्यातून एकदा समुद्रावर जाणाऱ्या माणसाकडे ती सवय नसते, त्यामुळे त्याला यंत्राची गरज अधिक असते आणि यंत्राचा अर्थ चुकीचा लावण्याचा धोकाही त्यालाच अधिक असतो. डॉपलर रडारच्या पडद्यावर जवळ येणारी वस्तू एका रंगात आणि दूर जाणारी दुसऱ्या रंगात दिसते. ते पाहून ‘लाल दिसले तर वळायचे, बाकी सगळे ठीक’ असा सोपा नियम मनात पक्का होतो. हा नियम कुठे फसतो आणि त्याच्या जागी कोणती पद्धत अंगवळणी पाडावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

यंत्र नेमके काय मोजते

ध्वनी किंवा प्रकाश देणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लहरींची वारंवारता वाढलेली आणि दूर जात असेल तर घटलेली जाणवते, हे तत्त्व ख्रिस्तियान डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1842 मध्ये मांडले. रुकडीच्या फलाटावर उभे असताना न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी आपल्यासमोरून जाताच एकदम खालच्या स्वरात उतरते, ते याच कारणाने. होडीवरचे रडार साधारण 9.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडते; त्यांची तरंगलांबी सुमारे 3.2 सेंटिमीटर असते. समोरून 10 नॉट (ताशी 10 सागरी मैल) वेगाने येणाऱ्या वस्तूवर आपटून परतलेल्या लहरीची वारंवारता सुमारे 320 हर्ट्झने वाढलेली असते. अब्जावधींमध्ये तीनशेवीसचा हा फरक लहान होडीवर ठेवता येण्याजोग्या यंत्राला विश्वासाने ओळखता यावा, यासाठी घन-अवस्था (सॉलिड-स्टेट) प्रक्षेपक आणि वेगवान अंकीय (डिजिटल) संस्करण लागते. गेल्या दहा-बारा वर्षांत ते आवाक्यात आले आणि फुरुनो, गार्मिन, रेमरीन, सिमरॅड या कंपन्यांनी आपापल्या लहान रडारमध्ये ही सोय दिली. कोणी तिला ‘टार्गेट अ‍ॅनालायझर’ म्हणते, कोणी ‘मोशनस्कोप’, कोणी ‘व्हेलॉसिटीट्रॅक’. मूळ तत्त्व एकच आहे.

या मोजणीच्या दोन मर्यादा नवशिक्याने पहिल्याच दिवशी समजून घ्याव्यात. पहिली मर्यादा अशी की डॉपलर फक्त आपल्याला आणि त्या वस्तूला जोडणाऱ्या सरळ रेषेवरचा वेग सांगतो. त्या रेषेला काटकोनात चाललेली होडी कितीही वेगाने जात असली, तरी तिची वारंवारता जवळपास बदलत नाही आणि ती पडद्यावर साध्या रंगातच राहते. दुसरी मर्यादा कमी लोकांच्या ध्यानात येते. आपली होडी चालू असताना किनारा, खडक, बोये हे सर्वच ‘जवळ येत’ असतात. ते सगळे रंगू नयेत म्हणून यंत्र आपल्या होडीचा वेग हिशेबातून वजा करते आणि उरलेला, म्हणजे त्या वस्तूचा स्वतःचा जमिनीच्या संदर्भातला वेग तपासते. हा उरलेला वेग ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला तरच रंग चढतो. काही यंत्रांत हा उंबरठा 3 नॉटच्या आसपास असतो; आपल्या यंत्राचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहून सुकाणूजवळ लिहून ठेवावा.

आता या दोन्ही मर्यादा एकत्र आल्या की काय होते ते पाहा. आपण 15 नॉटने उत्तरेला चाललो आहोत आणि उजवीकडून एक ट्रॉलर जाळे ओढत 3 नॉटने पश्चिमेला चालला आहे. दोघांची टक्कर व्हायची असेल, तर तो ट्रॉलर आपल्या नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, उजवीकडे सुमारे 11 अंशांवर दिसत राहील. आपल्याला जोडणाऱ्या रेषेवर त्याचा स्वतःचा वेग जेमतेम अर्ध्या नॉटहून थोडा जास्त भरतो. उंबरठा त्याहून वर असल्यामुळे तो रंगणारच नाही. आणि तरीही दोन मैलांवरून (या लेखातले सगळे मैल सागरी आहेत) आठ मिनिटांच्या आत आपण त्याच्यावर जाऊन आदळू. त्याहून स्पष्ट उदाहरण पाठीमागून गाठण्याचे आहे. तोच ट्रॉलर आपल्या पुढे, आपल्याच दिशेने 3 नॉटने जात असेल, तर यंत्राच्या लेखी तो आपल्यापासून दूर जाणारा आहे. उंबरठा ओलांडला तर तो चक्क सुरक्षिततेच्या रंगात दिसेल, आणि आपण मात्र त्याला 12 नॉटने गाठत असू, म्हणजे एक मैल अंतर पाच मिनिटांत संपेल. आपली होडी जितकी वेगवान आणि समोरची जितकी संथ, तितका रंगाचा उपयोग कमी होतो. कोकण किनाऱ्यावर आपल्या वाटेत येणाऱ्यांपैकी बरेच जण जाळे ओढणारे, जाळ्यावर थांबलेले किंवा नांगरलेले असतात, म्हणून हा मुद्दा मी इतक्या विस्ताराने मांडला.

मग या सोयीचा फायदा कोणता? समोरून वेगाने येणारी होडी, वळून अचानक आपल्याकडे निघालेली होडी किंवा जयगडसारख्या बंदराकडे येणारे मोठे जहाज हे अँटेनाच्या एक-दोन फेऱ्यांतच, म्हणजे काही सेकंदांत रंगते. ठिपक्याच्या एकामागून एक जागा नोंदवून त्याचा वेग व दिशा काढणाऱ्या जुन्या पद्धतीच्या लक्ष्यमागोव्याला त्याच निष्कर्षाला पोहोचायला कित्येकदा मिनिटभर लागते. पन्नास ठिपक्यांच्या गर्दीत आधी कोणाकडे पाहायचे, हे डॉपलर उत्तम सांगतो. कोणाकडे पाहायचे नाही, हे मात्र त्याच्यावर सोपवू नये.

यंत्र निवडताना आणि बसवताना

खोक्यावर छापलेला 24, 36 किंवा 48 मैलांचा पल्ला पाहून यंत्र निवडू नये. रडारची दृष्टी क्षितिजाने अडते. अँटेनाची व लक्ष्याची उंची मीटरमध्ये घेऊन दोन्हींच्या वर्गमुळांची बेरीज करावी आणि तिला 2.2 ने गुणावे, म्हणजे सागरी मैलांत अंदाजे पल्ला येतो. अँटेना पाण्यापासून 3 मीटर उंच असेल आणि समोरची होडी दीड मीटर उंच असेल, तर हे उत्तर साडेसहा मैलांच्या आसपास येते. लाकडी किंवा फायबरची बुटकी होडी प्रत्यक्षात याहून बरीच उशिरा दिसते, कारण तिच्यावरून लहर फारशी परतत नाही.

पल्ल्यापेक्षा झोताची रुंदी महत्त्वाची आहे. अठरा इंची घुमटातून, म्हणजे अँटेनाच्या बंद गोल खोक्यातून, निघणारा झोत साधारण 5 अंश रुंद असतो, चोवीस इंची घुमटातला साधारण 4 अंश. पाच अंशांचा झोत दोन मैलांवर 320 मीटरहून थोडा जास्त पसरलेला असतो, म्हणजे तेवढ्या अंतरात शेजारी शेजारी असलेल्या दोन होड्या पडद्यावर एकच जाड ठिपका होऊन दिसू शकतात. होडीवर जागा आणि वजन पेलत असेल, तर मोठा घुमट घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

घुमटाचा आधार कोल्हापुरातच करून घेणे सोयीचे पडते. शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिरांना मोजमाप नीट दिले, तर ते काम नेटके होते. मात्र दोन गोष्टी तोंडी न सांगता लिहून द्याव्यात. पोलाद 316 प्रतीचे हवे, कारण आपल्याकडे सहज मिळणारे 304 प्रतीचे पोलाद खाऱ्या हवेत लवकर डागाळते व खड्डे धरते. आणि डोलकाठी किंवा छताची चौकट अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर दोन धातूंच्या मध्ये नायलॉनची चकती आणि बोल्टभोवती बुशिंग द्यावे, नाहीतर खाऱ्या पाण्यामुळे अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. घुमट इतका उंच असावा की सुकाणूवर उभ्या माणसाचे डोके झोतात येणार नाही. उभ्या दिशेत झोत साधारण 25 अंश पसरतो. तीन मीटर उंचीवरून त्याची खालची कड सुमारे साडेतेरा मीटरवर पाण्याला टेकते, म्हणून होडीच्या अगदी लगतचा बोया रडारला दिसत नाही. वेग घेताना ज्या होडीची नाळ वर उचलली जाते, तिच्यात घुमटाखाली पाचर देऊन तो थोडा पुढे झुकवावा.

डॉपलरच्या दृष्टीने घुमटाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे दिशासंवेदक. आपल्या होडीचा वेग वजा करण्यासाठी यंत्राला जीपीएसवरून वेग व प्रत्यक्ष मार्ग आणि संवेदकावरून नाळेची दिशा लागते. खर्च वाचवण्यासाठी संवेदक न घेता फक्त जीपीएसवर भागवणारे लोक मी पाहिले आहेत. होडी थांबली किंवा अगदी संथ झाली की जीपीएसची दिशा भरकटते, आणि आडवा प्रवाह असेल तर नाळ एकीकडे व प्रत्यक्ष मार्ग दुसरीकडे असतो, त्यामुळे ही बचत करू नये. संवेदक इंजिन, ध्वनिक्षेपक, लोखंडी अवजारांची पेटी आणि जाड वीजवाहिन्या यांपासून किमान एक मीटर दूर बसवावा. रडारला बॅटरीपासून स्वतंत्र, पुरेशी जाड तार आणि स्वतःचा फ्यूज द्यावा, कारण इंजिन सुरू होताना विद्युतदाब घसरला की यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते आणि आवश्यक त्या क्षणी पडदा कोरा दिसतो. हे रेडिओलहरी सोडणारे उपकरण असल्याने त्याच्या परवान्याची व होडीच्या कागदपत्रांतील नोंदीची बाब विक्रेत्याकडून आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या स्थानिक बंदर कार्यालयातून खरेदीपूर्वीच समजून घ्यावी.

पहिली फेरी : किनारा रंगतो का ते पाहावे

पहिली फेरी स्वच्छ उजेडात, शांत पाण्यात आणि त्या भागाची माहिती असलेल्या तांडेलाला सोबत घेऊनच करावी. मालवणसारख्या ठिकाणी पाण्याखालचे खडक बरेच आहेत आणि ते कोणत्याही रडारवर दिसत नाहीत. पडद्याकडे पाहण्यात गुंतलेल्या नवशिक्याला बाहेर पाहणारा दुसरा माणूस त्यासाठीही हवाच.

आधी संवेदकाचे अंशशोधन करावे, म्हणजे पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे संथ गतीने पूर्ण वर्तुळे फिरावे. मग एखादी एकटी, उठून दिसणारी खूण निवडून, उदाहरणार्थ बाहेरचा बोया किंवा टोकावरचे दीपगृह, नाळ बरोबर तिच्यावर रोखावी आणि पडद्यावरचा तिचा ठिपका नाळेच्या रेषेवर पडतो का ते पाहावे. पडत नसेल तर यंत्रातील दिशाजुळणी तेवढ्या अंशांनी बदलावी.

त्यानंतरची चाचणी साधी आहे, पण ती करणारे फार थोडे असतात. डॉपलर सुरू ठेवून ठरावीक वेगाने किनाऱ्याला समांतर जावे. स्थिर जमीन रंगता कामा नये. एका बाजूचा किनारा किंवा स्थिर बोया जवळ येण्याच्या रंगात आणि दुसऱ्या बाजूचा दूर जाण्याच्या रंगात दिसत असेल, तर दिशा चुकलेली आहे. समोरची स्थिर वस्तू एका रंगात व मागची दुसऱ्या रंगात दिसत असेल, तर वेगाची माहिती चुकलेली किंवा उशिरा पोहोचत आहे. हे का होते, तेही पाहू. 15 नॉट वेगात दिशेत 10 अंशांची चूक असेल, तर काटकोनातल्या स्थिर वस्तूला यंत्र 2.6 नॉटचा खोटा वेग देते, आणि चूक 12 अंश झाली की हा खोटा वेग 3 नॉटच्या वर जातो. त्याच चुकीमुळे खरोखर आपल्याकडे येणाऱ्या होडीच्या वेगातून तेवढाच भाग वजाही होऊ शकतो आणि ती न रंगता राहू शकते, म्हणून ही चाचणी प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला करावी. संवेदकाजवळ कोणी मोबाइल किंवा लोखंडी पकड ठेवली असेल, तर तेही याच वेळी उघडकीस येते.

त्या पहिल्या फेरीत लाभ (गेन, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता), समुद्रगोंधळ (लाटांचे ठिपके पुसणारे) आणि पाऊसगोंधळ (पावसाचे ठिपके पुसणारे) यांची नियंत्रणे स्वयंचलित ठेवावीत, पण प्रत्येकी एकदा हाताने कमी-जास्त करून पडद्यावर काय पुसले जाते ते पाहून घ्यावे. समुद्रगोंधळाचे नियंत्रण जास्त फिरवले की लाटांबरोबर जवळच्या लहान होड्याही नाहीशा होतात. दिवसा डोळ्यांना दिसणारी होडी पडद्यावर कधी उमटते, कोणत्या कोनातून ती फिकट होते, वळली की अँटेनाच्या किती फेऱ्यांत तिचा रंग बदलतो, याची जितकी निरीक्षणे उजेडात होतील तितका रात्री त्यांचा आधार मिळेल.

दिशाकोन आणि अंतर : कागदावर करायचा सराव

1972 मध्ये झालेल्या टक्कर प्रतिबंधाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील सातवा नियम धोका ओळखण्याची कसोटी देतो : जवळ येणाऱ्या जहाजाचा होकायंत्रावरील दिशाकोन लक्षणीय बदलत नसेल, तर टक्करीचा धोका आहे असे धरावे. अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून, अंदाज बांधू नये, असेही तोच नियम सांगतो. एकदा दिसलेला रंग ही अशीच अपुरी माहिती आहे. म्हणून रंगाने लक्ष वेधले की, आणि रंग नसलेला ठिपकाही नाळेच्या दोन्ही बाजूंच्या तीसेक अंशांत असला की, त्याच्यावर पडद्यावरची दिशारेषा (कोन मोजणारी, ईबीएल) आणि अंतरवर्तुळ (अंतर मोजणारे, व्हीआरएम) ठेवावे, वेळ लिहावी आणि तीन मिनिटांनी पुन्हा पाहावे. दिशारेषा नाळेच्या संदर्भात न ठेवता उत्तरेच्या संदर्भात ठेवावी, नाहीतर लाटेने आपली नाळ डुलली की समोरच्याचा कोन बदलल्याचा भास होतो. याच कारणासाठी शिकताना पडदा उत्तर वर ठेवून वापरावा, असे मी सुचवतो. बाहेरच्या दृश्याशी तो जुळवायला सुरुवातीला कठीण जाते, पण काही तासांत डोळा सरावतो.

हा सराव कोल्हापुरात घरी बसून आलेखकागदावर करता येतो, आणि पावसाळ्यात लहान होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना तो जरूर करावा. एक उदाहरण पूर्ण सोडवू. आपण 12 नॉटने उत्तरेला जात आहोत. पहिल्या नोंदीत समोरची होडी 040 अंशांवर, 4 मैलांवर आहे. तीन मिनिटांनी ती 041 अंशांच्या जवळ, 3.25 मैलांवर, आणि सहा मिनिटांनी 042 अंशांवर, अडीच मैलांवर आहे. कागदाच्या मध्यभागी आपली होडी धरून हे तीन बिंदू मांडावेत आणि त्यांतून जाणारी रेषा पुढे वाढवावी. मध्यबिंदूपासून ही रेषा जिथे सर्वांत जवळून जाते, ते किमान अंतर. इथे ते सुमारे 0.2 मैल, म्हणजे 400 मीटर येते, आणि तिसऱ्या नोंदीनंतर तिथवर पोहोचायला दहा मिनिटे उरतात.

कोन दोन अंशांनी बदलला, म्हणजे ती आपल्या मागून निघून जाईल, असे कोणालाही वाटेल, आणि रेषाही तेच दाखवते. पण ज्या यंत्राचा झोतच पाच अंश रुंद आहे, त्याने दाखवलेल्या दोन अंशांवर आपला जीव सोपवता येत नाही. आता आपण उजवीकडे वळायचे ठरवले आणि फक्त 8 अंश वळलो, तर रेषा सरळ मध्यबिंदूतूनच जाते : जी होडी चारशे मीटरवरून मागे गेली असती, तिच्याशी आपण नेमकी टक्कर ठरवली. तेच 60 अंश वळलो, तर किमान अंतर 1.3 मैलांच्या आसपास जाते आणि ती आपल्या डाव्या बाजूने सुखरूप निघून जाते. आठव्या नियमात लहान लहान बदलांची मालिका टाळावी आणि केलेला बदल समोरच्याच्या रडारवरही सहज लक्षात येईल इतका मोठा असावा असे म्हटले आहे, त्याचे कारण या एका आकृतीत हाताने काढून पाहता येते. वाचकाने ती खरोखर काढावी. वाचून जे पटते आणि पट्टी-पेन्सिलने जे दिसते, त्यांत बराच फरक आहे.

आजची यंत्रे ठिपका निवडताच किमान अंतर आणि तिथवरचा वेळ स्वतः दाखवतात, आणि डॉपलरने रंगलेले लक्ष्य काही यंत्रे आपोआप मागोव्यावर घेतात. ही सोय वापरावीच. मात्र मागोवा सुरू झाल्यावर पहिले मिनिटभर आणि दोघांपैकी कोणीही वळल्यानंतरचे मिनिटभर त्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. खुल्या समुद्रात किमान अंतर अर्ध्या मैलाहून कमी येत असेल, तर मी ते लक्ष्य धोकादायक मानतो. बंदराच्या तोंडाशी इतकी मोकळीक मिळत नाही, तिथे वेग कमी करणे हाच उपाय आहे.

काय करायचे हे दृश्यमानतेवर ठरते

एकमेकांना डोळ्यांनी पाहू शकणाऱ्या यांत्रिक होड्यांसाठी नियम परिचित आहेत. समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळावे, आडव्या मार्गात जिच्या उजव्या बाजूला दुसरी आहे तिने वाट द्यावी, आणि मागून गाठणाऱ्याने नेहमीच दूर राहावे. मासेमारीत गुंतलेल्या होडीला वाट देणे आपल्यासारख्या हौशी यांत्रिक होडीचे कर्तव्य आहे, आणि तिच्या मागे किंवा बाजूला जाळे किती लांब पसरले असेल हे रडार सांगत नाही, म्हणून तिच्या पाठीमागून घासून जाण्याऐवजी मोठा वळसा घालावा.

धुके किंवा जोराच्या सरीत एकमेकांना न पाहता फक्त रडारवर ओळखले जाते, तेव्हा कोणी कोणाला वाट द्यायची याचे हे नियम लागू राहत नाहीत आणि एकोणिसावा नियम लागू होतो. दोघांवरही टाळण्याची जबाबदारी असते. समोरच्या अर्ध्यातील लक्ष्यासाठी, ते आपण मागून गाठत असलेले नसेल तर, डावीकडे वळणे टाळावे. बाजूच्या किंवा मागच्या लक्ष्याच्या दिशेने वळू नये. नवशिक्याने एवढे ठरवून टाकावे की धुक्यात पहिली कृती वेग कमी करण्याची असेल. 15 नॉटने जाणारे आपण आणि 10 नॉटने समोरून येणारा दुसरा, यांच्यातले दोन मैल पाच मिनिटांच्या आत संपतात. आपण 5 नॉटवर आलो की तेच अंतर आठ मिनिटे पुरते, आणि वेग कमी झाल्याने आधी सांगितलेली संथ ट्रॉलर न रंगण्याची अडचणही सौम्य होते, कारण तेवढ्यात डोळे आणि कान यांना काम करायला अवधी मिळतो.

पावसात डॉपलरचा रंग आणखी जपून वाचावा. वाऱ्याबरोबर सरकणारी सरही वेगवान लक्ष्यच असते. ती आपल्याकडे येत असेल तर पडद्याचा मोठा भाग रंगू शकतो आणि तिच्या पोटातली होडी त्यात हरवते. अशा वेळी डॉपलर बंद करून पाऊसगोंधळाचे नियंत्रण हळूहळू वाढवत साधा पडदा पाहावा. मुसळधार सरीपलीकडचे तर या वारंवारतेच्या रडारला नीट दिसतच नाही, हेही गृहीत धरावे.

समोरच्या होडीवर एआयएस, म्हणजे होडीचे ठिकाण व वेग रेडिओवरून आपोआप कळवणारे यंत्र, असेलच असे धरू नये; लहान मासेमारी होड्यांच्या बाबतीत तर ते नाही असेच धरून चालावे. आपल्या स्वतःच्या फायबरच्या होडीवर मात्र रडारची लहर परतवणारा परावर्तक उंचावर लावावा, म्हणजे दुसऱ्याच्या रडारवर आपण दिसू. पडदा पाहताना तीन मैल आणि पाऊण मैल असे दोन पल्ले आलटून पालटून ठेवावेत, कारण लांबच्या पल्ल्यावर जवळची लहान होडी नाळेखालच्या गोंधळात मिसळते आणि जवळच्या पल्ल्यावर येणारे जहाज दिसायला उशीर होतो. पहारा-क्षेत्राची घंटा, म्हणजे ठरवलेल्या क्षेत्रात काही शिरले की वाजणारी सूचना, लावून ठेवणे उपयोगाचे आहे, पण ती वाजली नाही म्हणून बाहेर पाहणे थांबवू नये. पाचव्या नियमाप्रमाणे डोळ्यांनी व कानांनी सतत पाहणी ठेवणे हे रडार असलेल्या होडीलाही चुकत नाही.

धुक्यात यंत्र बंद पडले, तर काय करायचे हे धक्का सोडण्यापूर्वी सोबतच्यांना सांगून ठेवावे. होडी सुकाणू ऐकेल एवढ्याच वेगावर आणावी, एकाने नाळेवर उभे राहून पाहावे व ऐकावे, आणि चालत्या यांत्रिक होडीसाठी ठरलेला एक लांब भोंगा दोन मिनिटांहून जास्त खंड न पाडता द्यावा. थांबून राहिलो असू तर असे दोन लांब भोंगे द्यावेत. 12 मीटरहून लहान होडीला हेच नेमके संकेत बंधनकारक नाहीत, पण दोन मिनिटांच्या आत दुसरा एखादा परिणामकारक आवाज तिलाही करावाच लागतो, म्हणून हातभोंगा आणि त्याचा जादा वायूचा डबा सुकाणूजवळच्या खणात ठेवावा. समोरच्या बाजूने दुसऱ्याचा भोंगा ऐकू आला आणि तो कुठे आहे हे कळत नसेल, तर वेग आणखी उतरवावा, गरज पडल्यास होडी पूर्ण थांबवावी, आणि व्हीएचएफ रेडिओच्या 16 व्या वाहिनीवर आपले ठिकाण आणि आपण थांबलो आहोत हे कळवावे.